भाचा म्यानमारमधून सुटून आला, आता दाद मागायची कुठल्या कोर्टात?

तवंदीघाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. निपाणी भागातल्या एका खेड्यातून लिहितोय. घरचीच गोष्ट आहे, म्हणून गावाचं आणि पोराचं नाव देत नाही.

भाचा २४ वर्षांचा, आयटीआय फिटर. बेळगावात उद्यमबागेत एका फाउंड्रीत होता, हातात चौदा हजार. २०२४ च्या दिवाळीआधी ओळखीतल्याच एकानं सांगितलं, बँकॉकला डेटा एन्ट्रीचं काम आहे, सत्तर हजार पगार, राहणं-खाणं कंपनीचं. माझी बहीण विड्या वळते. तिनं सोसायटीचं कर्ज काढलं, गळ्यातलं गहाण टाकलं आणि एक लाख साठ हजार भरले. पावती नाही, चिठ्ठी नाही. रोज चहा पिणाऱ्या माणसाकडं पावती कशी मागायची?

बँकॉकच्या विमानतळावर गाडी न्यायला आली. दोन तासांत कंपनी येईल म्हणाले आणि गाडी रात्रभर पळतच राहिली. पहाटे नदीकाठी उतरवून नावेत बसवलं. ती मोई नदी. अलीकडं थायलंडचं माई सोट, पलीकडं म्यानमारचं म्यावड्डी. पोरगं म्हणतं, "मामा, आपल्या वेदगंगेएवढीच नदी. पलीकडं बंदूकवाले दिसले तवा कळलं."

तिथं काय करत होता ते पण सांगतो, लपवून उपयोग नाही. मोठ्या हॉलमध्ये दीड-दोनशे जण, प्रत्येकापुढं सात-आठ मोबाईल. त्याला एका बाईचं नाव आणि फोटो दिला. त्या नावानं भारतातल्या लोकांशी ओळख वाढवायची आणि खोट्या शेअर ॲपवर पैसे घालायला लावायचे. दोन दिवस तो नाही म्हणाला. पासपोर्ट काढून घेतलाच होता, मग उन्हात उभं केलं, करंट दिला. पाच हजार डॉलर भर आणि जा म्हणाले. तिसऱ्या दिवसापासून टाईप करायला लागला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये थायलंडनं त्या भागाची वीज, इंटरनेट आणि डिझेल तोडलं, तेव्हा तिथल्या टोळ्यांनी हजारो लोक बाहेर सोडले. मार्चमध्ये आपल्या हवाई दलाच्या दोन विमानांतून ५४९ भारतीय परत आले, त्यात आमचा होता.

आता एजंटविरुद्ध तक्रार द्यावी म्हणून फिरतोय. एका ठाण्यात म्हणाले गुन्हा परदेशात झालाय, आमची हद्द नव्हे. एजंट राहतो महाराष्ट्रात, तिकडं गेलो तर म्हणाले पैसे कर्नाटकात दिलात, तिकडंच जावा. त्यात शेजारचे भीती घालतात की सगळं लिहून दिलं तर भाचाच आत जाईल. खरंच जाईल काय? आणि एवढ्या मोठ्या राक्षसी धंद्याला जगात कुठलं कोर्ट आहे की नाही? नेदरलँडमध्ये हेगला आंतरराष्ट्रीय कोर्ट आहे म्हणतात, तिथं सामान्य माणसाला जाता येतं काय? जाणकारांनी सांगावं.

सांबरा_रनवे

वाचून पोटात कालवलं. आमच्या गल्लीतल्या दोघांना हीच ऑफर आलेली, तेवढाच पगार, तेच गाव. एकाच्या आईनं पासपोर्ट लपवून ठेवला म्हणून वाचला. त्या माऊलीला सगळे वेडी म्हणत होते.

चंदगडी

हद्दीचं दुखणं दोन्हीकडं सारखंच. आमच्या चंदगडातून बेळगाव तासाभरावर, दवाखाना, बाजार, कॉलेज सगळं बेळगावात. पण दुचाकी चोरीला गेली की तीन दिवस 'तिकडं की इकडं' यातच जातात. मोबाईलला सीमा ओलांडल्याचा मेसेज लगेच येतो, तपासाला काही तो येत नाही.

वकीलताई_चिकोडी

काका, मी या भागात वकिली करते, तेव्हा क्रमानं सांगते.

'आमची हद्द नव्हे' म्हणून परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. आधी नोंदवायचं, मग योग्य ठाण्याकडं पाठवायचं. पुढच्या वेळी तोंडी बोलूच नका. लेखी अर्ज न्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ठाण्यानं तरीही नाही म्हटलं तर त्याच कलमाखाली तो अर्ज पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येतो.

'गुन्हा परदेशात झालाय' हे अर्धसत्य आहे. नदीपलीकडं जे झालं ते परदेशात. पण खोटं सांगून भरती केली कुठं? पैसे घेतले कुठं? भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये मानवी तस्करीची सुरुवात भरतीपासूनच धरलेली आहे. फसवून, आमिष दाखवून, पिळवणुकीसाठी माणूस भरती करणं, पाठवणं, ठेवून घेणं, ताब्यात घेणं, यातलं प्रत्येक काम गुन्हा आहे. एका माणसाची तस्करी असेल तर किमान सात वर्षं. एकाहून जास्त माणसं पाठवली असतील तर किमान दहा वर्षं, आणि जन्मठेपेपर्यंत. म्हणून गावात आणखी कोण गेलं होतं ते शोधा. तुमच्या खटल्याचं वजन त्यावर ठरेल.

अजून एक. "पोरगा स्वखुशीनं गेला होता" असं एजंटचा वकील म्हणेलच. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलंय की पीडिताची संमती होती की नव्हती याला महत्त्व नाही.

परवान्याचं पण बघा. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवायला सरकारी नोंदणी लागते आणि नोंदणीवाल्या एजंटलाही तीस हजार रुपये आणि वर जीएसटी एवढीच फी घेता येते. एक लाख साठ हजार म्हटल्यावर तिथंच प्रश्न उभा राहतो.

शहापूरकर

माझं मत कडू लागेल, पण लिहितो.

माझ्या वडिलांचे अकरा लाख असेच गेले. आई गेल्यावर ते एकटे पडले होते. एका 'मुलीनं' चुकून नंबर लागला म्हणून बोलणं सुरू केलं, दोन महिन्यांनी शेअरचं ॲप आलं. निवृत्तीचे पैसे गेले. पैशापेक्षा वाईट म्हणजे तेव्हापासून ते कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाहीत. पैसे गेले तेव्हा सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनवर फोन केला, तोवर चार दिवस उलटले होते.

धागाकर्त्यांच्या बहिणीचं दुःख मला कळतं. पण पलीकडं बसून टाईप करणारी बोटं कुणाची तरी होतीच ना? प्रत्येक जण 'मला करायला लावलं' म्हणणार असेल तर माझ्या वडिलांनी दाद कुणाकडं मागायची?

तवंदीघाट

शहापूरकर दादा, तुमच्यापुढं मान खाली घालतो. मी भाच्याला हेच विचारलो होतो. तो काही बोलला नाही, उठून परड्यात गेला.

खानापूरची_पोर

मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शहापूरकर दादांच्या प्रश्नावर आम्ही वर्गात दोन दिवस भांडलो होतो. संयुक्त राष्ट्रांचा संघटित गुन्हेगारीविरोधी करार २००० साली झाला, त्याच्या जोडीला मानवी तस्करीवरचा वेगळा पूरक करार आहे. भारतानं दोन्ही २०११ मध्ये स्वीकारले. फसवून किंवा धाकानं नेलं असेल तर संमती ग्राह्य नाही हे तत्त्व तिथंच आहे. आणि तस्करीत अडकलेल्याला जबरदस्तीनं करायला लावलेल्या कृत्याबद्दल शिक्षा करू नये, असं तत्त्व गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगभर रुजत गेलंय. आग्नेय आशियाई देशांच्या २०१५ च्या करारात तर ते लिहूनच ठेवलंय.

२०२३ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या अहवालात म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोक अशा अड्ड्यांत अडकले असावेत असा अंदाज होता. एवढी माणसं स्वतःहून चोर झाली असतील असं मला वाटत नाही.

वकीलताई_चिकोडी

खानापूरची_पोर, तत्त्व बरोबर, पण काकांना खोटा धीर नको. आपल्या कायद्यात त्या तत्त्वाचं थेट कलम नाही. न्याय संहितेच्या कलम ३२ मध्ये धाकाखाली केलेल्या कृत्याला संरक्षण आहे, मात्र ते अरुंद आहे, तिथंच, त्याच क्षणी जीव जाण्याची भीती असावी लागते. करंट देणं, बंदुकीचा पहारा, पासपोर्ट काढून घेणं, हे सगळं मिळून ती भीती सिद्ध करावी लागेल.

म्हणूनच भाच्यानं आपणहून आधी जाऊन सांगणं महत्त्वाचं. पहिला कागद तक्रारदाराचा असला की तो पीडित आणि साक्षीदार म्हणून उभा राहतो. लपून बसला आणि उद्या कुठल्या तपासात त्याचं नाव निघालं, तर तेच सगळं आरोपीच्या तोंडून सांगावं लागेल.

शहापूरकर, तुमच्या वडिलांचा हक्क यानं कमी होत नाही. हॉलचा मालक कोण, खाती कुणाची, पैसे कुठं वळवले, हे आतून बघितलेला माणूसच सांगू शकतो.

हलशी_गुरुजी

हेगचा विषय निघाला म्हणून लिहितो. शाळेत एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, आणि हा घोटाळा दरवर्षी निस्तरला.

हेगला दोन वेगवेगळी न्यायालयं आहेत. एक आंतरराष्ट्रीय न्यायालय, ते १९४६ पासून चालू आहे. तिथं फक्त देश विरुद्ध देश. कुलभूषण जाधवांचा खटला तिथं चालला, १७ जुलै २०१९ ला निकाल लागला, पण पक्षकार होते भारत आणि पाकिस्तान. आपल्या लोकांना एका वाक्यात कळेल असं सांगतो. आपला सीमाखटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, घटनेच्या कलम १३१ खाली, राज्य विरुद्ध राज्य. बेळगाव-निपाणीच्या माणसाचं अख्खं आयुष्य त्यात अडकलंय, पण त्यात वादी तो नाही, महाराष्ट्र सरकार आहे. तसंच ते.

दुसरं ते आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. तिथं देश नव्हे, माणूस आरोपी असतो. १७ जुलै १९९८ ला रोममध्ये करार झाला, १२० देश बाजूनं, ७ विरोधात, २१ तटस्थ. भारत तटस्थ राहिला आणि अजून सदस्य नाही. सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार आपल्याला मान्य नव्हते, आणि दहशतवाद व अण्वस्त्रांचा वापर हे गुन्ह्यांच्या यादीत घ्या ही आपली मागणी मान्य झाली नाही. १ जुलै २००२ पासून कोर्ट अस्तित्वात आहे. त्याच्यापुढं चारच गुन्हे चालतात. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण.

मला यात एक गोष्ट कायम लागून राहते. या कोर्टाची मागणी १९८९ साली संयुक्त राष्ट्रांत पुन्हा जागी केली ती त्रिनिदाद-टोबॅगो या चिमुकल्या देशानं. कारण होतं अमली पदार्थांची तस्करी. देश लहान, टोळ्या मोठ्या, आमच्या न्यायालयांच्या आवाक्याबाहेरचं आहे, जगानं एक कोर्ट द्यावं. नऊ वर्षांनी कोर्ट ठरलं आणि त्यातून नेमकी तस्करीच वगळली गेली. म्हणजे ज्या लहानाच्या हाकेवर दार उघडलं, त्यालाच आत जागा नाही. धागाकर्त्यांच्या बहिणीचं दुःख त्याच जातीचं आहे.

खानापूरची_पोर

गुरुजी, थोडी भर घालू? अमली पदार्थ वगळले, पण माणसांची तस्करी पूर्ण बाहेर नाही. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत 'गुलामगिरी' आहे आणि तिच्या व्याख्येत माणसांची, विशेषतः स्त्रिया आणि मुलांची, तस्करी धरलीय. अट एवढीच की तो नागरिकांवरचा व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला असावा, आणि त्यामागं एखाद्या राज्याचं किंवा संघटनेचं धोरण असावं.

अडचण प्रदेशाची. म्यानमार सदस्य नाही, थायलंडनं सही केली पण करार पक्का केला नाही, भारत नाही. कंबोडिया मात्र सदस्य आहे.

पण रोहिंग्यांच्या प्रकरणात एक वाट निघाली. म्यानमार सदस्य नाही, तरी बांगलादेश आहे. माणसांना हाकलून देणं हा गुन्हा सीमा ओलांडल्याशिवाय पुराच होत नाही, आणि ती सीमा ओलांडून माणसं पडली बांगलादेशात. मग न्यायाधीशांनी २०१८ मध्ये म्हटलं की गुन्ह्याचं एक टोक सदस्य देशात असेल तर आम्हाला अधिकार आहे. २०१९ मध्ये तपासाची परवानगी मिळाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या कोर्टाच्या अभियोक्त्यांनी म्यानमारचे तेव्हाचे लष्करप्रमुख मिन आँग ह्लाईंग यांच्या अटकेसाठी अर्ज केला.

हलशी_गुरुजी

शाब्बास पोरी. 'एक टोक' हा शब्द फार नेमका. हे वाचूनच मनाला उभारी आली.

वकीलताई_चिकोडी

आणि काका, तेच टोक तुमच्या गावात पडलंय! परदेशात केलेल्या गुन्ह्याचा खटला इथं चालवायचा तर सुरक्षा संहितेच्या कलम २०८ खाली केंद्राची परवानगी लागते. पण गुन्ह्याचा काही भाग भारतात घडला असेल तर ती लागत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये सांगितलंय. तुमच्या अंगणात चहा पिऊन जे बोलणं झालं, तो गुन्ह्याचा भाग आहे. हेगच्या आधी आपलं चिकोडी-निपाणीचं कोर्ट आहे.

कोगनोळी_नाका

हायवेला माझा ढाबा हाय. दोन्ही राज्यातले ड्रायवर, एजंट, पोलीस सगळे जेवायला येतात. एक सांगतो. हे लोक ऑफिस काढत न्हाईत. एक माणूस गावातला, एक तालुक्याचा, एक मुंबैचा. गावातल्याला डोक्यामागं पाच-धा हजार. तो स्वतःच्या भावकीतली पोरं देतो कारण विश्वास तिथंच असतो. तवा तवंदीघाट मामा, तुमचा माणूस खालचा प्यादा हाय, पण वरचा नंबर त्याच्याच फोनात हाय. फोन बदलायच्या आत हलवा.

घटप्रभा

मी रायबाग-अथणी भागात वीस वर्षं बायकांच्या संघटनेत काम करते. कोगनोळी_नाका यांचं वाचून अंगावर काटा आला, कारण हे शब्द आम्ही आधी ऐकलेत. फक्त तेव्हा पोरी होत्या.

यल्लम्माच्या नावानं सोडलेल्या मुली इथून सांगली, मिरज, पुणे, मुंबईला जायच्या. नेणारी बाई नात्यातली, ओळखीची. १९३४ साली मुंबई इलाख्याचा कायदा होता, १९८२ मध्ये कर्नाटकानं देवदासी बंदीचा कायदा केला, महाराष्ट्रानं नवा कायदा २००५ मध्ये केला. कायदे होते, पण पोरगी कृष्णेपलीकडं गेली की कागद इकडं आणि माणूस तिकडं. आईनं कन्नडमधून तक्रार दिलेली, पोरगी सापडली मराठी मुलखात. एका आईबरोबर मी स्वतः सात चकरा मारल्या, दर वेळी ती त्या पोरीचा शाळेचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणायची.

आणि शहापूरकर दादा म्हणतात तसं तेव्हाही लोक म्हणायचे. "धंद्याला बसली म्हणजे तिचीच खोड." त्या पोरींना आधी छाप्यात आरोपी म्हणूनच उभं करायचे. पीडित म्हणायला किती वर्षं गेली! म्हणून माझं कळकळीचं सांगणं, त्या पोराला चोर म्हणू नका.

चोर्ला_घाट

सगळं वाचतोय. पळून गेलेला मोठा मासा परत आणता येतो, एवढं सांगायला लिहितोय. अबू सालेमचं बघा. १९९३ च्या मुंबई स्फोटांतला आरोपी, २००२ मध्ये लिस्बनला सापडला. पोर्तुगालात फाशी नाही. आपल्या सरकारनं लेखी हमी दिली की फाशी देणार नाही आणि पंचवीस वर्षांहून जास्त आत ठेवणार नाही, तेव्हा नोव्हेंबर २००५ मध्ये तो ताब्यात मिळाला. पुढं जन्मठेप झाली, तरी सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये सांगितलं की दिलेला शब्द सरकारनं पाळायचा. काहींना राग आला होता. मला ते पटलं. शब्द मोडला तर पुढच्या वेळी कुठला देश माणूस देईल?

तहव्वूर राणा पण एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतून आणलाच. थायलंडशी आपला प्रत्यार्पण करार २०१३ मध्ये झालाय. तेव्हा माई सोटला किंवा बँकॉकला बसून माणसं पलीकडं ढकलणारे कायमचे सुटलेत असं समजू नका.

अवांतर: आमच्या आजोबांच्या लहानपणी पोर्तुगिजांची हद्द कॅसलरॉकला लागायची, तिथं गाडी थांबवून जकातीचे लोक पेट्या उघडायचे. सोनं लपवायच्या एकेक युक्त्या ते सांगायचे, भोपळ्यातसुद्धा!

सांबरा_रनवे

भोपळ्याचा वेगळा धागा काढा चोर्लाशेठ, सगळे वाचतील. पण इथं मुद्दा राहू दे.

शहापूरकर

घटप्रभाताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मी 'बोटं कुणाची' म्हणालो त्याबद्दल वाईट वाटतंय, पण राग पूर्ण गेलेला नाही, खोटं कशाला बोलू.

तवंदीघाट, एक विचारायचं होतं. भाच्याला विचारता येईल काय, की माणसाला जाळ्यात ओढायला नेमकं काय लिहायला सांगायचे? वडिलांना आम्ही दहा वेळा विचारलं, तुम्ही एवढे हिशेबी, फसलात कसे? ते काही सांगत नाहीत.

तवंदीघाट

दादा, काल रात्री विचारलो. आधी गप्प बसला, मग सगळं बोलला. तसंच लिहितो.

त्यांना एक वही दिलेली असायची, पहिला दिवस, दुसरा दिवस, दहावा दिवस, असं लिहिलेली. पहिले पंधरा दिवस पैशाचं नावच काढायचं नाही. म्हातारं माणूस असेल, एकटं असेल, तर रोज दुपारी एकला एकच प्रश्न लिहायचा. "खाना हुआ क्या अंकल?" उत्तर आलं की विचारायचं काय जेवलात. मग दुसऱ्या दिवशी कालच्या भाजीची आठवण काढायची. त्यासाठी प्रत्येकाची भाजी लिहून ठेवायला लावायचे. भाचा म्हणतो, "मामा, कुणी पिठलं केलं म्हणून सांगितलं की मला आईची आठवण यायची, आणि तेच मला लिहायला लागायचं."

शहापूरकर

वडिलांच्या मोबाईलमधलं सगळं मी पोलिसांसाठी काढून ठेवलं होतं, पण फक्त पैशाच्या तारखा बघितल्या होत्या. आज पहिल्यापासून वाचलं.

दुपारी एक. एक वाजून दोन. एक वाजून पाच. "खाना हुआ क्या अंकल." एकसष्ट दिवस. बाबांनी रोज उत्तर दिलंय. "हां बेटी, आज मेथी की भाजी." एक दिवस त्यांनी लिहिलंय, "आज नहीं खाया, अकेले को क्या बनाना."

मी त्याच घरात वरच्या मजल्यावर राहतो. मी कधी विचारलं नव्हतं.

(तो भाचाच होता असं नाही, मला माहीत आहे. पण वही तीच असणार.)

घटप्रभा

दादा...

चंदगडी

काय लिहावं सुचेना. आज बाबांबरोबर जेवा.

वकीलताई_चिकोडी

शहापूरकर, तुमच्याकडचे ते संवाद पुसू नका, मोबाईलही बदलू नका. मूळ उपकरण जपून ठेवा. काकांचा भाचा त्या वहीबद्दल जे सांगतोय आणि तुमच्याकडं जे आहे ते एकमेकाला बळ देतं. एकाच टोळीचं आहे असं आज कुणी म्हणू शकत नाही, पण पद्धत जुळते हे तपासाला सांगता येतं. तुमच्या तक्रारीचा क्रमांक आणि काकांची तक्रार, दोन्ही जिल्ह्याच्या सायबर ठाण्याकडं एकत्र जाऊ देत.

तवंदीघाट

धागा तीन आठवड्यांनी वर काढतोय.

तक्रार नोंदली. लेखी अर्ज नेला, वकीलताई सोबत आल्या, झिरो एफआयआर झाला, कलम १४३ लागलं. जबाब चार तास चालला. लिहिणारा कन्नडमधून लिहीत होता. ताईंनी सांगितलं होतं, कळल्याशिवाय सही करू नको. पोरगं शाळेत कन्नड शिकलंय, प्रत्येक पान स्वतः वाचून काढलं. एका जागी 'कामाला गेला' असं लिहिलेलं, तिथं थांबून म्हणाला, "साहेब, गेला नव्हे. नेला." त्यांनी दुरुस्त केलं.

पासपोर्ट नंतर परत मिळाला, त्यावर थायलंडला शिरल्याचा शिक्का आहे, म्यानमारात नेताना बाहेर पडल्याचा नाही. ताई म्हणाल्या, हा पुरावा सोन्यासारखा आहे, नदी कशी ओलांडली ते त्यातूनच कळतं.

आणि कोगनोळी_नाका म्हणाले ते खरं ठरलं. आमच्या पलीकडच्या गावातली एक आई दुसऱ्या दिवशी घरी आली. तिचा मुलगा त्याच माणसानं पाठवलेला, अजून परत आलेला नाही. तिनं आजवर तोंड उघडलं नव्हतं, कारण सोडवतो म्हणून तोच माणूस तिच्याकडून अजून पैसे घेत होता. तिचाही जबाब झाला. आता दोन माणसं झाली. ताईंनी त्या मुलाची माहिती परराष्ट्र खात्याला कळवलीय.

भाचा अजून फोन वाजला की दचकतो. पण परवापासून लेथवर जायला लागलाय, निपाणीतच.

वकीलताई_चिकोडी

काका, प्रथम खबर अहवालाची प्रत घेतलीत ना? ती फुकट मिळते, हक्काची आहे. नसेल तर उद्याच घ्या. आणि त्या आईला एकटीला ठाण्यात पाठवू नका.

शहापूरकर

तवंदीघाट, पुढच्या रविवारी निपाणीला यावं म्हणतोय. तुमच्या भाच्याला भेटायचं आहे. ओरडायला नव्हे. वहीबद्दल विचारायचं आहे, कुणाच्या हातात असायची, कोण तपासायचं, पैसे कुठल्या खात्यात जायचे. बेळगावातल्या तपास अधिकाऱ्यांना ते लिहून देणार आहे.

बाबा पण येतो म्हणताहेत. मी नको म्हटलं, त्रास होईल. पण ते ऐकत नाहीत. म्हणाले, "त्या पोराला मारत होते काय ते मला विचारायचंय."

तवंदीघाट

घेऊन या दादा. स्टँडवर मी गाडी घेऊन थांबतो. भाच्याला सांगितलोय. तो हो म्हणाला, मग बऱ्याच वेळानं विचारला, "बाबा काय जेवतात?"

बहिणीला मेथी आणायला सांगून ठेवलोय. एकच्या आत पोचा.